सावडीचं नेट

काढा हो मॅडम, खुशाल काढा, मी कुठं धरून ठेवलाय तुमचा नेटचा डबा? फक्त ती वायर अशी हिसकू नका, पोपडे निघतात भिंतीचे — दिवाळीला मीच रंग मारलाय. आधी स्क्रू ढिले करा, हां, खालचे. पेचकस देऊ का? हाय घरात, निकिताच्या पप्पांना टेम्पोत लागतो. नको? बरं. आता पाच महिने झाले बंद होऊन, नुसता लाल दिवा लावून बसलेला असतो भिंतीवर. निकिता म्हणायची, मम्मी, बटण तरी बंद कर. मी नाय केलं. उगाच वाटायचं, एखाद दिवशी होईल हिरवा. पाणी घ्या ना, आमच्या विहिरीचं हाय, गोड हाय. तुमच्यावर राग नाय माझा, तुम्ही पगारी माणूस, तुम्हाला सांगितलं डबा घेऊन या, तुम्ही आल्या. पण विचारलंत ना तुम्ही, की ताई, इतका चांगला चालला होता तर बंद कसा पडला — तर सांगते. घात झाला मॅडम. घरच्या माणसानं केला घात. घरचीच म्हणायची ती, सोळा वर्षं एका ताटात जेवलोय आमी.

ते पत्र्याचं घर दिसतं का, झेंडूच्या पलीकडं, वर निळी टाकी — ते छायाचं. मी आणि ती एकाच महिन्यात लग्न होऊन आलो या मळ्यात. तिला मेथीची जुडी बांधता येत नव्हती, मी शिकवली. मला पोहता येत नव्हतं, ते तिनं शिकवलं. आणि सावड — तुम्ही शहरातल्या, तुम्हाला सावड माहीत असेल नसेल — आज माझ्या कोथिंबिरीला वस्तीवरच्या पाच-सहा जणी येतात, उद्या आमी सगळ्या तिच्या झेंडूला. मजुरी नाय, हिशोब नाय, पण कोणी कोणाचा दिवस बुडवायचा बी नाय. माझी निकिता अन् तिची तेजस्विनी एका वर्गात, एका बाकावर. दोघी मिळून उसातून शाळेत जायच्या, मोबाइलवर मोठ्यानं गाणी लावून — बिबट्या असतो ना हिकडं दारणेच्या काठाला, आवाज केला की लांब राहतो. म्हणून तर संध्याकाळी पाचच्या आत वस्तीवर परत. नाशिक रोडला क्लास लावू म्हणलं तरी परत येणार कधी अन् कोणत्या रस्त्यानं?

आणि आधी असं नव्हतं. शाळा होती ना इथंच, पाण्याच्या टाकीपाशी, दोन खोल्या, एक गुरुजी. साहेब लोक आले, हजेरी बघितली, म्हणाले पट एकोणीस हाय, विसाच्या आत आला की शाळा मोठ्या शाळेत मिसळायची, तिथं म्हणे सगळ्या सोयी असतात. एकोणीस, मॅडम! वस्तीवरच्या रंगूआत्याचा नातू त्या वर्षी मामाकडं निफाडला राहायला गेला होता, तो असता तर वीस भरले असते. एका पोरासाठी शाळेला कुलूप. तेव्हापासून बारकी पोरं बी अडीच कोस चालतात. आणि मोठ्यांच्या शाळेत नवीन पद्धत आली — आता पाठ करायचं नाय, समजून घ्यायचं. चांगलंच हाय की, मी कुठं वाईट म्हणते, मला स्वतःला सगळं पाठ होतं अन् काही समजलं नव्हतं. पण समजून घ्यायचं कशावर? तर मोबाइलवर! अर्धा धडा वर्गात, अर्ध्याचा व्हिडिओ घरी बघायचा, चाचणी घरून द्यायची, प्रकल्पाचे फोटो घरून टाकायचे. घरात रेंज असती तर टाकले असते ना. या खोलगटात टॉवर पोचतच नाय. विहिरीच्या कठड्यावर उभं राह्यलं की दोन काड्या येतात, त्याबी वाऱ्यासारख्या, आल्या तर आल्या. पोरी कठड्यावर चढून चाचणी द्यायच्या आणि छाया खाली उभी राहून दोघींच्या ड्रेसचं टोक धरून ठेवायची, तोल जाऊ नये म्हणून. माझ्या बी पोरीचं धरायची. खोटं कशाला बोलू.

मग तुमची संस्था आली. गरिबाच्या हुशार पोरीला घरात नेट, तीन वर्षं, फुकट. विकतचं घेऊ म्हणलं तर इतक्या लांब वायर टाकायला कोणी तयारच नव्हतं, आणि महिन्याचं भाडं आमच्या भाजीत बसलं नसतं. निकिताचं नाव लागलं. तेजूचंच लागायला पाहिजे होतं खरं तर, मार्क तिचे जास्त, पण म्हणे वायर रस्त्यापासून आमच्या घरापर्यंतच पोचते. तो बसवणारा मुलगा म्हणाला, ताई, हे तुमच्या घरातल्या विद्यार्थ्यांसाठी हाय बरं का. मी म्हणले, हो दादा. आता घरातलं म्हणजे काय मॅडम? ज्या घरात छाया येऊन माझ्या चुलीवर भाकरी थापते ते घर माझ्या एकटीचं कसं? संध्याकाळी सगळी पोरं ओट्यावर. आमी नेटबी सावडीनंच चालवलं. सातवी-आठवीची पाच ते सहा, दहावीच्या पोरी सहाच्या पुढं, रविवारी ज्याचं राह्यलंय त्याचं. ओटा झाडायचा ज्याची पाळी त्यानं, येताना एखादी जुडी, चार शेंगा काहीतरी आणायचं. खरी सात पोरं होती. सात. तुम्हाला सांगते, वर्षभर या ओट्यावर शाळा भरली, गुरुजी नसलेली.

आणि मग दहावीचा निकाल. तेजूला सत्याऐंशी टक्के, आमच्या निकिताला एकाहत्तर. दोघींना डिप्लोमाच करायचा होता, कॉम्प्युटरचा, जाऊ तर बरोबर जाऊ म्हणायच्या. आता तो फॉर्म म्हणजे काय कमी हाय का? हा दाखला, तो दाखला, फोटो एवढाच पाहिजे, सही तेवढीच पाहिजे. मी म्हणले, आधी निकिताचा भरू. घर आमचं, डबा आमच्या नावाचा, एवढं तर चालतं ना? दोन दिवस लागले तिला. तेजू बसून राह्यली. मग तिनं भरला, पण तिला घाई झाली. तिथं छायाचा भडका उडाला. सोमवारी संध्याकाळी, ओट्यावर, सगळ्यांच्या देखत — डबा दिला म्हणून मालकीण झालीस का गं साधना? सावडीत कोणी आपल्याच वावरात दोन दिवस ठेवतं का बायांना? मी लावते फोन त्या संस्थेला, सांगते इथं काय चाललंय! असं म्हणाली. या तोंडानं म्हणाली. रंगूआत्यांनी ऐकलं, सावडीतल्या बयाबाईनं ऐकलं, सगळ्यांनी ऐकलं. आणि मंगळवारी सकाळी डब्यावर लाल दिवा.

आता तुम्हीच सांगा, कोणाला काय वाटणार? — पहिल्यांदा वाटलं लाईटचं असेल. मग वाटलं उंदरानं वायर कुरतडली. निकितानं चार वेळा बंद-चालू केलं. बुधवार गेला, गुरुवार गेला. आणि त्या गुरुवारी संध्याकाळी पाचला तेजूच्या फॉर्मची मुदत संपली. तो परत आला होता मॅडम — उत्पन्नाच्या दाखल्याचा कोपरा फोटोत कापला गेला होता, पुन्हा टाका म्हणून. ते दिसणार कुठं? नेटवर. विहिरीवरच्या दोन काड्यांत तो फॉर्म उघडतच नाय. मेसेज आला होता म्हणे तिच्या वडिलांच्या मोबाइलवर, पण इंग्रजीत, फकिराभाऊंना वाटलं रिचार्जचा असेल. शुक्रवारी छाया पोरीला घेऊन नाशिक रोडला पळाली, तिथल्या दुकानातल्या पोरानं बघितलं अन् म्हणाला, मावशी, हे कालच बंद झालं. पुढच्या याद्यांमध्ये नावच नाय, फॉर्मच कच्चा राह्यला ना. एका कोपऱ्यासाठी. आमची निकिता जाते कॉलेजला, सकाळची बस धरून. तेजू झेंडू खुडते. समोर आली की हसते माझ्याकडं बघून. ते हसणं बघवत नाय मला, म्हणून मी हल्ली मागच्या बांधानं जाते.

वस्तीनं सोडलं का छायाला? नाय सोडलं. सगळे म्हणाले हिनंच फोन लावला, स्वतःच्या पोरीचं बी वाटोळं केलं अन् आमच्या पोरांचं बी. सावडीतून काढलं तिला. दसऱ्याला तिचा अर्धा एकर झेंडू उभा होता फुलून, एक बाई गेली नाय तोडायला. ती, फकिराभाऊ अन् तेजू, तिघंच, पहाटेपासून. निम्मी फुलं झाडावरच काळी पडली. मी इथून बघत होते. मी? मी कशाला कोणाला अडवीन? मी कोणाचं नाव घेतलं नाय मॅडम, देवाशपथ, एका शब्दानं घेतलं नाय. मी फक्त एवढंच म्हणले की बघा बाबा, सोमवारी कोण काय बोललं होतं ते आठवा. बस. एवढंच. खोटं होतं का त्यात काही? बोलली तर होतीच ती.

काय? माहिती कोणाच्या नंबरवरून मिळाली ते लिहिलंय तुमच्या कागदात? नाय नाय, नका वाचू, राहू द्या, मला माहितीय काय लिहिलंय — म्हणजे, असेल काहीतरी. कागदात काय, कोणी काहीबी लिहितं. बघू. इकडं करा. — हा माझाच नंबर हाय. पण फोन मी नव्हता लावला मॅडम. हे नीट ऐका, हे लिहा तुमच्या कागदात. मी नव्हता लावला, मला आला होता! त्याच सोमवारी, दुपारी, मी नाशकात द्वारकेच्या चौकात पाटी घेऊन बसले होते, मेथी अन् शेपू. एक पोरगी बोलत होती, इतकी गोड, मॅडम, इतकी गोड — ताई, जेवलात का? ताई, विक्री झाली का? ताई, तुमच्या निकिताचा अभ्यास कसा चाललाय? माझ्याशी असं घरातलं कोणी बोलत नाय. मी स्पीकर लावला, शेजारच्या बायांना बी ऐकू दे म्हणलं. तुमचा तर नव्हता ना तो आवाज? नाय, तुमचा जाड हाय. तर ती म्हणाली, ताई, तुमच्या घरच्या नेटवर किती मुलं शिकतात? आणि माझ्या डोळ्यांपुढं एकदम ती शाळा आली. एकोणीस अन् कुलूप. मला वाटलं, झालं, आता हे बी पट मोजायला लागले, सात म्हणलं तर डबा उचलतील. मी म्हणले, बावीस. अशी ठासून म्हणले. विसाच्या वर पाहिजे ना! ती म्हणाली, बावीस? मी म्हणले हो तर, येऊन बघा, ओट्यावर पाय ठेवायला जागा नसते. रंगूआत्याचा नातू धरला, छायाच्या बहिणीची पोरं धरली, पाळण्यातली दोन धरली. ती म्हणाली, थँक्यू ताई, खूप छान माहिती दिलीत. आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही वायर कापली.

कमी भरली म्हणून शाळा नेली, जास्त भरली म्हणून नेट नेलं. मग किती पोरं असायला पाहिजेत आमच्याकडं, तो आकडा एकदा सांगून टाका ना! त्या आकड्याएवढीच ठेवतो, बाकीची वाटून टाकतो कोणाला. आणि ती पोरगी, तिला मनात काय असतं ते सरळ विचारता येत नव्हतं? ताई, दुसऱ्यांची पोरं येतात का, आली तर आमी बंद करू — असं म्हणली असती तर मी तिथंच हात जोडले असते. जेवलात का म्हणे. माझ्या जेवणाशी काय घेणं होतं तिचं? मी त्या आवाजाला बहीण समजले, मॅडम. बाजारात आलेल्या गिऱ्हाइकाशी मी मोजून-मापून बोलते, पन्नास वर्षांचा अनुभव असल्यासारखी बोलते, अन् त्या आवाजापुढं सगळं मनातलं सांडलं.

कधी कळलं मला? — कळलं असंच. नंतर. — बुधवारी. बुधवारी दुपारी मी विहिरीवर चढले अन् तुमच्या नंबरला फोन लावला, तेव्हा एक दादा बोलले, ताई, तुम्हीच सांगितलंय बावीस जण वापरतात, नियमात बसत नाय, कायमचं बंद. मी खाली उतरले तर ओट्यावर तेजू बसली होती, मोबाइल मांडीवर धरून. मावशी, कधी येईल गं नेट? मी काय म्हणले सांगू? मी म्हणले, येईल गं उद्या, वायर तुटलीय म्हणत होते. उद्या. म्हणून ती थांबली. मी जर तेव्हा म्हणले असते की बाळा, आता नाय येत, जा नाशिक रोडला — गुरुवारी सकाळी गेली असती ती, नुसता फॉर्म बघायला तरी गेली असती. तिला माझ्यावर भरवसा होता. मला काय ठाऊक तिचा फॉर्म परत आलाय! मला लाज वाटली हो. सोमवारी सगळ्यांच्या देखत मला मालकीण म्हणली होती छाया, आणि बुधवारी मी कोणत्या तोंडानं सांगू की डबा माझ्याच बडबडीनं गेला? वाटलं दोन दिवस जाऊ दे, मग सांगू. मग तेजूचं ते तसं झालं, अन् मग सांगायला काही राह्यलंच नाय.

सही? कुठं, इथं? करते. आणि हे खाली काय — शेजाऱ्याची? कशाला शेजाऱ्याची? डबा माझ्या घरातला, शेजाऱ्याचा काय संबंध? आता कोणी नाय हो घरी, सगळ्या बाया बाजाराला गेल्यात, रंगूआत्यांना अंगठा... अंगठा चालत नाय? वाचून सही पाहिजे? मग उद्या या. परवा या. निकिताचे पप्पा करतील — ते शेजारी नाय होत, बरं, मग तुम्हीच करा ना कोणाची तरी, कोण बघतंय? — अहो हाक नका मारू, मॅडम, तिला नका — तिला येत नाय वाचता — येतं, दहावी झालीय ती, पण तिला काम असतं, ती येणार नाय, पाच महिन्यांत तिनं हा बांध ओलांडला नाय, कशाला उगाच —

आली.

ये छाया. बस ना. या संस्थेच्या मॅडम हायत, डबा न्यायला आल्यात. काही नाय, नुसती सही करायची, शेजारी म्हणून, इथं खाली. ते वरचं वाचायची गरज नाय, ते आपलं नेहमीचं असतं छापील. छाया, नको ना वाचू. अगं — मी सांगणार होते तुला. दसऱ्याला येणारच होते, अर्ध्या बांधापर्यंत आले होते, विचार फकिराभाऊंना, त्यांनी बघितलंय मला. मला वाटलं गं शाळेसारखं होईल, म्हणून जास्त सांगितली. आपल्याच पोरांसाठी सांगितली ना? मोजायला लागले तेव्हा पहिलं नाव तुझ्या तेजूचं धरलं होतं मी. निकिताच्या आधी. बोटांवर मोजलं, हे बघ, या बोटावर ती होती. बोल ना काहीतरी. शिव्या दे. सोमवारी दिल्या तशा दे, सगळ्या वस्तीला गोळा करून दे, मी ऐकून घेते — सही नको करूस अशी गुमान. छाया. अगं चहा टाकते, थांब.

गेली.

झालं ना तुमचं काम? दोन्ही सह्या झाल्या ना? मग तुम्ही कशाला उभ्या राह्यल्यात मॅडम? घ्या तो डबा अन् जावा.